गरिबांच्या ताटातला बिल्ला

शेजारीण यूफेमशी वर्षभर भांडली म्हणून इझोबेलला चर्चमधल्या वार्षिक प्रभुभोजनाला, प्रभूच्या मेजाशी, बसायला बंदी होती. मासे विकणारी बाई ती. तोंड आवरणं चर्चमध्येसुद्धा जड जायचं. यंदा मात्र दोघींनी चर्चच्या पंचांसमोर हात मिळवले, आणि पाद्र्यांनी तिला शिशाचा बिल्ला दिला. तो मेजापाशी दाखल केला की प्रभूच्या भाकरीचा तुकडा मिळणार. आज चुकलं तर पुन्हा वर्षभर वाट बघा.

भरल्या डोळ्यांनी ती आत आली. दारातल्या गरिबांच्या ताटात नाणं टाकून मेजापाशी गेली. बिल्ले गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या निनियनने तिने दिलेली चकती उलटसुलट केली.

"बाई, हे राजाचं नाणं आहे."

नाणं म्हणायला चांदीचं. चार गिऱ्हाइकांच्या हातून फिरलं की मुलामा उडून शिशासारखं करडं व्हायचं.

"म्हणजे बिल्ला ताटात गेला, निनियनकाका."

"मग शोध. बिल्ल्याशिवाय मी सख्ख्या आईलाही बसवणार नाही."

ताटात करड्या चकत्यांचा ढीग. बिल्लाही जुनाच, वरचं अक्षर पुसट.

"शिसं मऊ असतं, चावून बघ," निनियन म्हणाला.

"तुम्हीच चावा ना."

"दात असते तर तुला सांगितलं असतं का?"

इझोबेल चावू लागली. स्तोत्र संपलं की भाकरी वाटायला सुरुवात; स्तोत्र सांगणाऱ्या गायकाने तिची धडपड पाहिली आणि ओळ लांबवली. लोकांनीही ती मनापासून लांबवली. गाणं चालू असेतो देव काही उठून जात नाही, हे त्या भल्या माणसांना ठाऊक होतं.

तेवढ्यात यूफेम शेजारी येऊन बसली. "सरक. गरिबांचं सगळं एकटीच खाणार?"

"तू चाव बाई. तुझे दात किती धारदार, ते वर्षभर पाहिलंय मी."

"बोल, बोल. पाद्री ऐकतायत."

दोघी चावत राहिल्या. अखेर यूफेमच्या दाताखाली एक चकती दबली. तिने ती निनियनच्या हातावर ठेवली.

"यावर तर तुझे दात उमटलेत," तो म्हणाला.

"दात माझे, बिल्ला तिचा. बसवा तिला."

निनियनने बिल्ला पुसून पिशवीत टाकला. दोघी बाकावर खेटून बसल्या. भाकरीचा तुकडा हाती आला, तेव्हा इझोबेलने तो आधी पुढच्या दातांनी हळूच दाबून पाहिला.

मऊ होता. तिचे डोळे पुन्हा भरून आले.