माझं पिवळेपण कुणाला खुपलं?

मी बोलतेय खरी. पण आधी सांगा, तुम्हीसुद्धा रंग बघून वस्तू घेणाऱ्यांपैकीच ना? वाटलंच मला.

मी पाणबुड्याच्या छातीवर लटकणारी, टाकीतली हवा देणारी जादा नळी. त्याची स्वतःची नळी त्याच्या तोंडात असते. मी दुसऱ्यासाठी. जोडीदाराची हवा बंद पडली की त्याने मला ओढून तोंडात धरायचं. म्हणून तर कारखान्यात मला भडक पिवळा रंग दिला. खोल पाण्यात लालसुद्धा करडा पडतो, काळ्यावर काळं तर शोधून सापडत नाही. पिवळं मात्र दिसतं.

दुकानात एक दातांचा डॉक्टर आला, सोबत बायको. गड्याने पोशाखापासून चष्म्यापर्यंत सगळं काळं निवडलं. मला बघून नाक मुरडलं.

"बाकी रंग तुमच्या आवडीचे घ्या," दुकानदारीण म्हणाली, "ही मात्र पिवळीच घ्या."

"खपत नसेल, म्हणून आमच्या गळ्यात मारताय!"

"घे रे," बायको म्हणाली. "ती माझ्यासाठीच आहे ना?"

घेतलं. पण त्याने मला ज्या तऱ्हेने पिशवीत कोंबलं, त्यावरूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस एवढ्यावर गप्प बसणारा नव्हे!

आणि झालंही तसंच. घरी बायको आंघोळीला गेल्याची संधी साधून त्याने काळी चिकटपट्टी काढली आणि तोंडात धरायचा भाग तेवढा सोडून मला पार गुंडाळून टाकलं. मग सगळा साज चढवून आरशापुढे उभा राहिला. स्वतःवरच खूश! मेल्या, मी काय तुझ्या फोटोसाठी आहे?

पाण्यात उतरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांची प्रत्येक वस्तू हात लावून बघायची, अशी रीत आहे. होडीत बायको तेच म्हणाली.

"अगं, आपण काय परके आहोत?" हा हसला. तीही हसली. नवराबायकोचा हा विश्वास मला नेहमीच संशयास्पद वाटत आलाय.

खाली गेल्यावर हा माशांचे फोटो काढण्यात दंग. तेवढ्यात तिच्या नळीतून हवा येईनाशी झाली. तिने गळ्यावरून हात फिरवून खूण केली. याचं लक्ष कुठे होतं! ती त्याच्या छातीशी आली, मला शोधू लागली. पट्टा ओढला, खिसा चाचपला. दोनदा तिची बोटं मला लागून गेली, पण तिची नजर पिवळं शोधत होती. मी इथे आहे गं, इथे! पण मला कुठे ओरडता येतंय?

शेवटी तिने त्याच्याच तोंडातली नळी हिसकावली आणि हवा घेतली. आता याचे डोळे पांढरे झाले. चाचपडत चाचपडत त्याने मला पकडलं आणि तोंडात धरलं. तसेच एकमेकांना धरून दोघं हळूहळू वर आले.

होडीत दोघांनी चष्मे काढले. मग त्याने उसनं हसू आणलं.

"सापडली ना शेवटी?"

"तुला सापडली," ती म्हणाली. "मला नाही."

तिथेच बसून तिने नखांनी माझी पट्टी सोलली. अजून अंगाला चिकटा आहे, पण मी पुन्हा पिवळी दिसते. आता मी तिच्या छातीवर असते. ती पाण्यात उतरते, पण त्याच्याबरोबर नाही.

तुम्ही खुशाल काळं घ्या, जांभळं घ्या, मला काय त्याचं! फक्त दुसऱ्याच्या श्वासाला तुमच्या आवडीचा रंग देऊ नका. ऐकाल ना? बघू. माझा अजून तुमच्यावर विश्वास बसलेला नाही.