दोन डाव्या बाह्या

"मास्तर, हा उजवा हात असा मागे का ओढला जातोय?" बसच्या ड्रायव्हरने विचारलं आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आमच्या ह्यांनी त्याच्या युनिफॉर्मच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. चाळीस वर्षांत ह्यांचं साधं बटणाचं काजसुद्धा कधी वाकडं गेलं नव्हतं हो.

डॉक्टरांनी बजावलंच होतं, आता शब्द सापडणार नाहीत, आत्ता बघितलेला आकडा आत्ता विसरतील. आमचा मुलगा म्हणाला, "बस झालं, बाबा. उद्यापासून दुकान बंद."

"ह्याला नवा कोट शिवून देणार," हे म्हणाले. "मग काय ते बोल."

पुन्हा मापं सुरू झाली. हे टेप लावायचे, आकडा बघायचे, आणि वहीपर्यंत पोचेस्तोवर आकडा गायब. मी लिहून घेते म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. मग ह्यांनी सुतळी काढली. खांद्यापासून मनगटापर्यंत धरली, गाठ मारली, तोडली.

"आणि ते... हात मोडतो ते..."

"कोपर," मी म्हटलं.

"तेच. तिथेही गाठ."

आकड्याची भानगडच नको, सुतळी थेट कापडावर. उजवी बाही कोटाला टाचल्याशिवाय डावीला कात्री लावायची नाही, हा नियमही स्वतःच घातला. चुकायचे, चिडायचे, उसवायचे, पुन्हा बसायचे. ह्या हट्टापायी मी जन्मभर कावले, पण त्या दिवसांत मला त्याच हट्टाचा अभिमान वाटला.

ड्रायव्हर कोट घालायला आला तेव्हा ह्यांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि स्टिअरिंग धरल्यासारखे हात पुढे घ्यायला लावले. पाठीवर एक सुरकुती नाही.

"झकास, मास्तर. माझ्या भावाचाही शिवायचाय. कधी पाठवू?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी तर हो म्हणणारच होते.

"नको." ह्यांनी टेबलाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे खडूच्या नऊ रेघा होत्या, रोजची एक. "पूर्वी दोन दिवसांत व्हायचा. एवढं कळतं मला अजून."

ह्यांनी मशीनला तेल घातलं, चाक दोनदा फिरवून बघितलं, वर चादर टाकली आणि तिची चारही टोकं नीट ओढून घेतली.