मिठातला बुधवार

"तुझं गो काय येगळंच?" धोंडुबाईने ऋतुजाच्या ताटाला काठी टेकवली.

ओटीवर शिकवणीची पोरं मांडी घालून बसली होती. प्रत्येकापुढे ताट आणि ताटात मिठागरातलं मीठ पसरलेलं. त्यात बोटाने स्पेलिंग काढायची ही सुनेची, रोहिणीची रीत. आज ती पेणला गेली होती. "बुधवारचं स्पेलिंग काढा रे," असं पोरांना आणि "आई, तुम्ही नुसतं बसा, तपासते मी येऊन," असं सासूला सांगून.

नुसतं बसणं धोंडुबाईला जन्मात जमलं नव्हतं. इंग्रजी तिला येत नव्हतं, मराठीही सहीपुरतं. पण भातलावणीच्या रांगेत एखादी वाकडी चालली, तर बांधावरून तिच्या डोळ्यांत ते खुपायचं. तीच नजर तिने ताटांवरून फिरवली. सगळ्यांचं सारखं, एकट्या ऋतुजाचं वेगळं.

"आजी, असंच असतं ते."

"मग एवढी पोरं काय येडी? बाप डोलवीला कंपनीत काय लागला, लेक लगेच मास्तरीण." पोरं खिदळली. धोंडुबाईने वाकून तिच्या ताटावर तळहात फिरवला. "समद्यांसारखं लिव."

ऋतुजाने सगळ्यांसारखं लिहिलं.

दुपारी रोहिणी आली. ताटं बघून कपाळाला हात लावला. "मितेशनं चुकवलं आणि सगळ्यांनी त्याचंच बघून काढलं. ऋतुजानं पण? तिला तर पाठ होतं."

धोंडुबाई सुपात जवळा निवडत होती. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. असं वाक्य तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. निघालं तेही आपली चूक लपवायला.

त्यानंतर ऋतुजा यायची, पण आधी मितेशच्या ताटात डोकावायची आणि मग बोट टेकवायची.

"काय झालंय या पोरीला?" जेवताना रोहिणी म्हणाली. "येत असलेलं पण दुसऱ्याचं बघून लिहिते."



रविवारी धोंडुबाई मिठाचं ताट पदराखाली घेऊन मिठागराकडच्या शेवटच्या घरी गेली. ऋतुजाची आई, पूजा, गडबडली. "आजी, तुम्ही कशाला? निरोप धाडायचा."

"काम माझं हाय." तिने ताट पोरीपुढे ठेवलं. "बुधवार काढ गो."

ऋतुजाने इकडेतिकडे पाहिलं. डोकावायला दुसरं ताट नव्हतं. "मला नाय येत."

"तुला येतं. मला येत नाय. त्या दिवशी पण येत नव्हतं. उगाच पुसलं मी तुझं."

धोंडुबाईने मान वर केली नाही.

पोरीने एकेक अक्षर काढलं. शेवटचं झालं, थांबली, आणि स्वतःच तळहाताने सगळं पुसून टाकलं.

"का गो?"

"चुकलं असंल."

"परत काढ."

धोंडुबाईने आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीखाली दाबले. ऋतुजा पुन्हा लिहू लागली. पण तिचं लक्ष मिठाकडे कमी आणि त्या हातांकडेच जास्त होतं.