घेवड्यावरचं अमृत

मावशींच्या परसात सकाळपासून रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण जीभ बाहेर काढून उभा होता.

कारण घेवड्याच्या वेलांवरून अमृत टपकत होतं. पानं चिकट, मांडव चिकट, खालचा बाकही चिकट. त्यावर बसलेला माणूस उठला की बाकही उठे. हे अमृतच आहे, असं पंधरा दिवस मुक्कामाला असलेल्या मधुबाबांनी स्वतः चाटून सांगितलं होतं. चाटलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

"मुंग्यांना कळलं, तुम्हाला कधी कळणार?" बाबा बाकावरून गरजले. "वेलावर पाणी मारू नका, अमृत वाहून जाईल! आणि ते लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे राक्षस दिसले की बरणीत कोंडा!"

मावशींनी इमानेइतबारे चाळीस राक्षस कोंडले. अमृत वाढलं. पानं मात्र मुडपली, शेंगा वाकड्या झाल्या. बियाणं त्यांच्या आईच्या हातचं. यंदा दाणा भरला नाही, तर पुढच्या वर्षी पेरायला मूठभरही उरणार नव्हतं. पण अमृताच्या दारात दाण्याचं रडगाणं गायचं तरी कसं?

तेवढ्यात त्यांची धाकटी जाऊ आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे घरात तिचं कोणी ऐकत नसे.

"जाऊबाई, पान उलटून पाहिलंत?"

"अगं, देवाची वस्तू उलटी करायची?"

"देव रागावला तर माझं नाव सांगा."

तिनं पान उलटलं. मागे मोहरीहून बारीक काळे किडे दाटीवाटीनं बसले होते.

"हा मावा. झाडाचा रस पितो, जास्तीची साखर बाहेर टाकतो. मुंग्या त्यासाठीच येतात. बाबा, हे घ्या भिंग. थेंब कुठून येतोय, मोठ्यानं सांगा."

बाबांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. "तोंडातून?"

"तोंड पानात खुपसलंय."

"मग..."

रांगेतल्या सगळ्या जिभा एकदम आत गेल्या.

"आणि तुमचे राक्षस म्हणजे साधे ढालकिडे, लेडीबर्ड. ते हाच मावा खातात. रखवालदार कोंडलेत आणि चोरांना पंगत वाढलीत!"

बाबांना अचानक दुसऱ्या गावचे भक्त आठवले. ते उठले, बाकासकट. आणि बाकासकटच गेले.

मावशींनी किडींनी भरलेले शेंडे खुडले, पानांच्या मागून जोरात पाणी मारलं, मग थोडं साबणाचं पाणी फवारलं. ते वाळल्यावर बरणी उघडली. दोन आठवड्यांत नवी पालवी सरळ आली. मागाहून लागलेल्या शेंगांत दाणा भरला. बियाण्याचा डबा भरून फडताळात परत गेला.

आता कुणी चमत्काराची बातमी आणली की मावशी एवढंच म्हणतात, "हात जोडायच्या आधी पान उलटून बघा. चाटायच्या आधी तर नक्कीच."