बाबाजींचा गणपती कुठला?

आमच्या हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे मी पन्नास वर्षं आखते आहे. त्यामुळे माझा मुलगा आदेश मला मान देतो, पण माझं ऐकत नाही. त्याच्या मुलीला, प्रणिताला, कॉलेजात तत्त्वज्ञान घ्यायचं होतं. यंदा प्रवेश लांबले होते आणि उद्या शेवटचा दिवस. आदेशचा एकच हेका, "कॉमर्स घे. ते तत्त्वज्ञान काय कामाचं?"

पोरगी दोन दिवस कोरा फॉर्म घेऊन बसली होती. मला माझं आठवलं. सातवीत मी गुरुजींना विचारलं होतं, "आपण डोळे आखले नाहीत तर देवाला दिसत नाही का?" छडी मिळाली, पुढे शाळाही सुटली. उत्तर अजून मिळालेलं नाही.

त्या दुपारी रोह्याचे बाबाजी मूर्ती न्यायला टेम्पो घेऊन आले. हे भातशेतीवाले गृहस्थ दर जूनमध्ये साच्यातून नुकतीच निघालेली मूर्ती निवडतात, आणि कुणी बदलू नये म्हणून तिच्या बैठकीमागे अंगठा दाबून ठेवतात.

"आदेश, माझा अंगठा कुठं हाय?"

"रंगाखाली गेला, काका."

मला गप्प बसता आलं असतं.

"बैठकच नवी हाय, बाबाजी," मी म्हटलं. "जुनी तडकली. सोंड मांजरानं पाडली, ती नवी. फळी कोसळली तेव्हा चारी हात गेले, तेपण नवे. जुनं म्हणाल तर पोट."

"आये!" आदेश ओरडला.

"म्हंजे हा माझा नाय?" बाबाजींनी पाट खाली ठेवला. "वहिनी, तीस वर्षांत असं झालं नाय."

मी प्रणिताकडे पाहिलं. तिचे डोळे चमकले होते.

"काका, तुमचा गुडघा बदललाय ना?"

"दोन्ही."

"दात?"

"कवळी हाय."

"मग तुम्ही बाबाजीच का?"

बाबाजींनी विचार केला. "घरी तर तसंच धरून चालतात."

"मग हा गणपतीही तुमचाच!"

बाबाजी हसले. आदेशनं सुटकेचा निःश्वास टाकला. तिथंच थांबली तर ती माझी नात कसली!

"पण काका, तुमची तुटलेली माती आजीनं भिजवली आणि तिचा तो फळीवरचा छोटा गणपती केला. मग तुमचा कुठला? ज्याचा आकार तोच राहिला तो, की ज्यात माती तीच आहे तो?"

बाबाजींनी फळीकडं पाहिलं, मग पाटावरच्या मूर्तीकडं.

"कुठला गो?"

"तेच तर कुणाला नक्की सांगता येत नाही! लोक दोन हजार वर्षं भांडताहेत."

बाबाजींनी चहा मागवला आणि बसले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. कासूहून आलेली दोन गिऱ्हाइकं आपली मूर्ती सोडून वादात शिरली. एक मातीच्या बाजूचा, एक आकाराच्या. आदेश डोकं धरून बसला.

अर्ध्या तासानं बाबाजी उठले. "दर साल आपण पाण्यात सोडतो. दुसऱ्या साली नवी माती, नवा आकार, तरी म्हणतो तोच आला. म्हंजे तो मातीतबी नाय, आकारातबी नाय. उचला रे पोटवाला!" दारात ते थबकले. "पण मग मी तीस वर्षं अंगठा कशावर दाबत होतो?"

टेम्पो गेला. कासूवाले भांडतच निघाले, मूर्ती उद्या नेऊ म्हणाले.

आदेश प्रणितासमोर उभा राहिला. "घे तुझं तत्त्वज्ञान. पण कॉलेजात जाऊन कर. गणेश चतुर्थीपर्यंत गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचा नाय!"

पोरगी माझ्या गळ्यातच पडली. माझ्या हातातला रंग तिच्या ओढणीला लागला, तरी सोडेना.

संध्याकाळी पाहिलं तर आदेश फळीवरचा छोटा गणपती हातात घेऊन उलटसुलट बघत होता. मी दिसल्यावर त्यानं तो पटकन ठेवला. थोड्या वेळानं आतून हाक ऐकू आली.

"प्रणिता, इकडं ये गो. आणि हळू सांग, गिऱ्हाईक ऐकतील."