अनंताची पेशंट

"आणखी थोडं मोठं उघडा, मावशी. हं, बास." शुभाने आरशाच्या दांड्याने खालच्या डाव्या दाढेवर हलकेच टकटक केलं आणि सुगंधाबाई खुर्चीतून अर्धी उठलीच.

"दुखलं?"

सुगंधाबाईने मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं होतं. गाल तर आठवडाभर सुजलेलाच होता.

शुभा ही तिच्या भाच्याची, डॉक्टर अनंताची बायको. दोघंही दातांचे डॉक्टर. मुलुंडला हा दवाखाना थाटला तेव्हा सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा सुगंधाबाईनेच ढवळला होता. भिंतीवर लावलेल्या फोटोत मात्र ती कुठे नाही.

शुभाने एक्स-रे काढला, तोंडात कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या आणि ओली फिल्म चिमटीत धरून नवऱ्याला हाक मारली. अनंता पलीकडच्या खुर्चीवरून हात पुसत आला.

"अगं मावशी, तू? कळवायचं ना!" मग फिल्म दिव्यासमोर धरून तो हसायलाच लागला. "शुभा, बघ ही गंमत. मुळांतल्या नळ्या तीन, भरल्यायत दोन. तिसरीला हातच लावलेला नाही. आणि वर कॅपसुद्धा नाही! कुठल्या गाढवाने केलंय हे?"

अर्ध्या दाराबाहेर बाकावर बसलेले दोन पेशंटही हसले. सुगंधाबाईच्या तोंडात कापूस होता. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आता आठवेल, मग आठवेल.

त्याला आठवायला हरकत नव्हती. त्याच्या शेवटच्या परीक्षेला आठ वर्षंसुद्धा झाली नव्हती. बहीण गेली तेव्हा सुगंधाबाईने अनंताला विक्रोळीच्या आपल्या खोलीत आणला आणि पोटच्या पोरासारखा वाढवला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी परीक्षेला बसायचं तर प्रत्येकाला ठरलेली कामं करून दाखवावी लागत, आणि पेशंट ज्याचा त्याने आणायचा. अनंताचा रूट कॅनालचा पेशंट अर्ध्यावर गावी पळाला. पोरगा दोन दिवस जेवला नाही. सुगंधाबाईची ही दाढ तेव्हा किडली होती, पण थंड पाण्याने जरा ठणकायची एवढंच. सिमेंट भरून भागलं असतं. "माझी घे," ती म्हणाली. त्यानेही नको म्हटलं नाही.

मग औषधांच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या कामावरून रजा काढून ती कॉलेजात जाऊन आ वासून बसायची. अनंता पुन्हा पुन्हा चुकायचा, सर त्याच्यावर खेकसायचे. शेवटच्या दिवशी सरांनी दाढेवर टकटक केलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "दुखतं का, बाई?" सरांच्या खांद्यामागे अनंताचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अजिबात नाही," सुगंधाबाई म्हणाली.

सरांनी सही केली. कॅप परीक्षेनंतर बसवू, असं अनंता म्हणाला होता. परीक्षा झाली, पेढे झाले, लग्न झालं, दवाखाना झाला. सुगंधाबाई उजव्या बाजूने चावायला शिकली. याला माया म्हणा नाहीतर मूर्खपणा म्हणा.

गेले काही महिने लवंग दाबून ती दिवस ढकलत होती. "तेका जाऊन सांग," तिचा नवरा दत्ताराम रोज आपल्या मालवणीत कटकट करायचा. "तूच बिघडवलंस, आता तूच निस्तर, असा म्हण तेका. मोठो डॉक्टर झालो म्हणून काय झाला?" पण तिची जीभ रेटत नव्हती. पोराला केवढं वाईट वाटेल! आज बसमध्येसुद्धा ती तेवढाच विचार करत आली होती, की त्याला खाली बघावं लागू नये अशा शब्दांत कसं सांगायचं. वेडी कुठली!

शुभाने कापूस काढला.

"कुणाकडे गेली होतीस गं?" अनंताने विचारलं. "मला विचारायचंस तरी."

"तुझ्याकडेच रे," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "कॉलेजात नाही का? तुझ्या परीक्षेच्या वेळी."

अनंताचं हसू थांबलं. त्याची नजर पटकन बाहेरच्या बाकाकडे गेली आणि परत आली. तेवढ्यावरून सुगंधाबाईला कळलं. त्याला आठवलं होतं, अगदी सगळं आठवलं होतं.

"छे गं!" तो मोठ्याने म्हणाला. "ती वरची दाढ होती. तुझा घोटाळा होतोय. असलं काम मी केलं असतं तर सरांनी मला पास तरी केलं असतं का?" आणि शुभाकडे वळून, "वय झालं की होतं असं."

सुगंधाबाईच्या वरच्या दातांना आजवर सुईसुद्धा लागली नव्हती. शुभाने आत्ताच सगळे तपासले होते. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग उगाचच ट्रेमधली हत्यारं सारखी करू लागली.

सुगंधाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बाकावरच्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगावं, की तुझ्या सरांनी तुला पास केलं नाही, मी केलं, मी! पण एवढ्या वर्षांची सवय अशी एका दिवसात मोडत नाही.

"असेल बाबा," ती म्हणाली. "माझाच घोटाळा."

"काळजी करू नकोस. मी सगळं उकरून पुन्हा नीट करतो. कॅपही बसवू. गुरुवारी ये."

सुगंधाबाई पदर सावरत खुर्चीवरून उतरली. "शुभाच करू दे," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता बाहेर पडली.

घरी दत्ताराम दारातच उभा होता. "काय झाला? सांगलंस तेका?"

"सांगलंय."

"आठावला?"

सुगंधाबाईने चपला काढल्या, नीट भिंतीला लावल्या. "आठावल्याशिवाय ऱ्हवतला? लगेच आठावला. डोळ्यांत पाणी इला तेच्या. सगळ्या पेशंटांसमोर माझ्या पाया पडलो."

"पाया पडलो?" दत्तारामचा चेहरा उजळला. आजवर अनंताला शिव्या घालणारा हा माणूस खाटेवर ऐसपैस बसला. "मगे! किती झाला तरी पोरगो आपलो तो. मी उगाच तेका बोललंय गो. आणि काय म्हणलो?"

सुगंधाबाईने स्टोव्हवरचं कोमट पाणी भांड्यात ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि मोरीपाशी गेली.

"सांग ना, आणि काय म्हणलो?"

तिने तोंडभर पाणी घेतलं आणि चूळ न टाकता भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली.