दोन जावांचा तवा

मी एक जुना बिडाचा तवा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, मला फारसे कोणी आवडत नाही. तुम्हीही नाही. जेवण झाले की तुम्ही माझ्यासारख्याला मोरीत पाण्यात बुडवून ठेवता आणि खुशाल खेळायला जाता. पण ऐकायला बसलाच आहात, तर ऐका. मध्ये बोलू नका.

माझा जन्म बीड ओतण्याच्या कारखान्यात झाला. ओल्या वाळूच्या साच्यात मला ओतले. थंड झाल्यावर ओताऱ्याने मला बाहेर काढले, हातोडीच्या दांड्याने टकटक वाजवले आणि म्हणाला, "तोंड वाकडं आहे, पण टिकेल." तोंड खरेच वाकडे आहे. आजही माझ्यात तेल घातले की ते डावीकडे जमते.

ज्या बाईंनी मला घेतले त्या एका गिरणीच्या उपाहारगृहात स्वयंपाक करायच्या. पुढे त्यांना दोन सुना आल्या, म्हणून मीही त्यांना सासूबाईच म्हणतो. नवा होतो तेव्हा मी राखाडी होतो आणि जे टाकाल ते धरून ठेवायचो. सासूबाईंनी तीन वर्षे खपून मला काळे केले. एवढा काळा आणि एवढा गुळगुळीत, की माझ्यातले अंडे नुसते हलवले तरी ताटलीत उतरायचे. पाहुणे म्हणायचे, "काय तवा आहे हो!" सासूबाई म्हणायच्या, "तवा कसला, माझा तिसरा मुलगा आहे. दोघांपेक्षा जास्त ऐकतो."

ते दिवस गेले. आता सुनांविषयी सांगतो, आणि चांगले सांगणार नाही.

थोरली घरीच पडदे शिवायची. तिचा स्वयंपाक म्हणजे तीन पातेली आणि दोन तास. जेवणानंतर मला धुण्याचे काम सासूबाईंनी तिच्याकडे दिले होते. साबण लावायचा नाही, जाड मीठ आणि फडके घेऊन पुसायचे, कोमट पाणी ओतून लगेच कोरडे करायचे. धाकटी फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला होती. ती घरात आली तोवर सासूबाईंचे हात थरथरायला लागले होते, मला उचलवत नव्हते. म्हणून रविवारी दुपारी, थोरली पडदे पोहोचवायला गेलेली असताना, त्या धाकटीला समोर बसवून मला तेल लावायला शिकवायच्या. अगदी पातळ हात, मग चुलीखालच्या भट्टीत उपडा ठेवून धूर येईपर्यंत तापवायचे. थोरलीने हे कधी पाहिले नाही. धाकटीने मला कधी धुतले नाही. एवढे लक्षात ठेवा. घरात ते कोणाच्याच लक्षात राहिले नाही.

सासूबाई गेल्या आणि दोघींचे वाजले. कशावरून, ते सांगायची मला लाज वाटते. कपाटाच्या एका फळीवरून. बोलणे बंद झाले. पण स्वयंपाकघर एकच, चूल एक आणि तवाही एक. मग त्या माझ्यामार्फत बोलू लागल्या. रोज, माझ्या तोंडावर.

धाकटी संध्याकाळी साडेसहाला यायची. हाताला पाकाचा वास आणि पिशवीत ठेचाळलेली, डब्यात न गेलेली फळे. पोरे भुकेने कावलेली. ती मला कोरडाच तापवायची, मक्याच्या पातळ पोळ्या दोन्ही बाजूंनी शेकायची आणि फडक्यात गुंडाळून ठेवायची. मग तेल, आणि तिखट, जिरेपूड, लसूण चोळलेल्या कोंबडीच्या पट्ट्या. त्या ती हलवायची नाही, खालून तांबूस होऊ द्यायची. शेजारी कांदा, आणि शेवटी अननसाचे तुकडे, कडा करपेपर्यंत. वरून लिंबू. पोळीत भरून घडी घातली की झाला टाको. अर्ध्या तासात चार माणसे जेवून मोकळी, आणि घासायचे भांडे एकच. मी.

थोरली तिच्या पातेल्याआडून म्हणायची, "तव्या, विचार तिला, हे जेवण आहे की कोंबडीचं लोणचं?"

"तव्या, सांग जाऊबाईंना, दोन तास माझ्याकडे नाहीत. आणि तीन पातेली तर मुळीच नाहीत."

"सांग तिला, आळसाला परदेशी नाव दिलं की त्याचा पदार्थ होतो."

"सांग त्यांना, मग वास घ्यायला मान कशाला लांब करताय?"

दोघींचे नवरे एकाच गॅरेजात होते. ते ताटात बघून जेवायचे. हुशार माणसे.

फळीच्या भांडणानंतर थोरलीने मला धुणे सोडले. "तव्या, ज्यांनी खरकटं केलं, त्यांनी निस्तरावं." धाकटीला वाटायचे, तव्याला तेलाशिवाय काही लागत नाही. एके दिवशी तिने अननसाचा रस माझ्यात तसाच सकाळपर्यंत राहू दिला. आंबट रसाने माझी सालेच काढली, मित्रांनो. बरोबर मध्ये हाताच्या पंजाएवढा राखाडी डाग पडला.

सकाळी थोरलीने तो पाहिला. तिला वाटले, धाकटीने मुद्दाम केले. डाग जावा म्हणून ती तारेची घासणी घेऊन बसली आणि मला खरवडत राहिली, तासभर. डाग गेला. कारण मी सगळाच राखाडी झालो. मग पुसून, समाधानाने तिने मला फळीवर ठेवले. तेलाचे बोटसुद्धा लावले नाही. काळेपणा स्वयंपाक करता करता आपोआप येतो, असे तिला आयुष्यभर वाटत आले होते.

तिसऱ्या दिवशी मला गंज चढला. त्या संध्याकाळी पोळ्या चिकटून फाटल्या, कोंबडी खरवडून काढावी लागली आणि अननसाला लोखंडाची चव आली. पोरांनी थुंकून टाकले. धाकटीने सगळे केराच्या डब्यात ओतले आणि माझ्यावर उलथने आपटले.

"तव्या, जाऊबाईंनी तुला मुद्दाम तासलं! माझी पोरं उपाशी राहावीत म्हणून!"

"तव्या, सांग तिला, तुझी कातडी आधी कोणी सोलली ते!"

आठवडाभर मी एवढ्या शिव्या ऐकल्या, की माझ्यात शिजलेले सगळे कडू लागले असते. शेवटी दोन गोष्टींवर त्यांचे एकमत झाले. एक, स्वयंपाकघराच्या मध्ये भिंत घालायची. दोन, तवा एकीला दिला तर दुसरी जगू देणार नाही, म्हणून तो भंगारात द्यायचा. थोरलीचा नवरा म्हणाला, "निदान आईची आठवण म्हणून..." दोघींनी त्याच्याकडे पाहिले. तो पुढचे वाक्य गिळून गॅरेजात गेला.

मला दारात, रिकाम्या बाटल्यांशेजारी ठेवले. चाळीस वर्षे काम केल्यावर! भंगारवाला दुपारी यायचा होता. सकाळी गवंडी आला. विटा रचल्या, वाळू चाळली, आणि जुन्या भिंतीच्या चिरा बुजवायला थोडा माल कालवावा म्हणून त्याने भांडे शोधले. मी दिसलो.

"हे टाकायचंच आहे ना?" तो म्हणाला आणि माझ्यात वाळू ओतली. मग सिमेंटची पिशवी उचलली.

"खबरदार!"

दोन दारांतून एकदमच आवाज आला. गवंड्याच्या हातातली पिशवी खाली पडली. थोरलीने मला एका बाजूने धरले, धाकटीने दांडा धरला. कोणीच सोडेना.

"ह्यात सिमेंट? सासूबाईंच्या तव्यात?" थोरली ओरडली. मग ती धाकटीकडे वळली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, मला मध्ये न घेता. "आणि तू गं? आंबट तसंच ठेवायचं नाही, लगेच धुवायचा, एवढं शिकवलं नव्हतं तुला?"

"धुणं तुमच्याकडे होतं! मला कोण सांगणार? आणि खरवडल्यावर तेल लावून तापवायचा, एवढं तुम्हाला शिकवलं नव्हतं?"

"तेल? ते कधी लावायचं?"

"दर रविवारी. मी लावायचे."

थोरलीने माझ्यातली वाळू दारातच ओतून टाकली. गवंडी थापी धरून उभा.

नंतर काय झाले ते गोड मानून घेऊ नका. गळ्यात पडणे वगैरे काही झाले नाही. थोरलीने मीठ आणले आणि गंज निघेपर्यंत मला घासले. धाकटीने तेलाचा पातळ हात दिला. भट्टीत उपडा, धूर, पुन्हा तेल. चार वेळा. तेवढ्या वेळात त्या "धर", "हळू" आणि "बोट भाजेल, बावळट" एवढेच बोलल्या. बावळट कोण कोणाला म्हणाले, ते मी सांगणार नाही.

गवंड्याने विचारले, "मग बाई, भिंत घालायची की नाही?"

"घालायची!" दोघी म्हणाल्या.

भिंत झाली. पण मध्ये माझ्याएवढी खिडकी ठेवली आहे, दांड्यासकट मावेल अशी, लाकडी झडपेची. धाकटीचे झाले की मी तिथून थोरलीकडे जातो. मी लगेच धुतला जातो. रोज स्वयंपाकाला परत येतो, आणि रविवारी तेलासाठीही.

मित्रांनो, मी पुन्हा काळा होतो आहे, पण अजून तीन वर्षे लागतील. माझी विनंती ऐका, रागाने का होईना. आम्हा तव्यांना साबण लावू नका, आंबट तसेच ठेवू नका, पाण्यात बुडवू नका. आणि आपल्याला येते तेवढी निम्मी काळजी घेऊन दुसऱ्याला शिव्या देऊ नका. मला गंज चढला तो दोघींच्या निम्म्यानिम्म्या काळजीने. उरलेली निम्मी कोणाला येते, ते आधी विचारा.

हल्ली त्या खिडकीतून थोरलीकडे जाताना माझ्यात फडक्याखाली दोन टाको असतात. कोणी ठेवले, कोणासाठी, यावर कोणी बोलत नाही. मात्र काल झडप वाजली आणि पलीकडून आवाज आला, "तव्या, सांग तिला, आज अननस कमी पडला."

इकडून धाकटी म्हणाली, "तव्या, सांग जाऊबाईंना, लोणच्यात एवढंच घालतात."

झाले माझे सांगून. आता घरी जा, आणि मोरीत काय बुडवून आलात ते आधी बघा.